नाव घासलेला कॅमेरा

हसू नका, पण बाबांचा जुना कॅमेरा जपानी आहे, याच्यापुढं मले काहीच ठाऊक नव्हतं. दुरुस्त करायचा होता म्हणून इंटरनेटवर त्याचे फोटो टाकले. उत्तर आलं, "वरचं नाव दाखवा." नाव होतंच कुठं! बाबा गेल्यापासून आई दर दसऱ्याले पूजेआधी पितळेच्या भांड्यांसोबत तोही राखेनं घासायची.

मी चिडलो. "आई, कायले घासला?"

तिनं तो माझ्या हातातून घेतला. कॅमेरा डोळ्याले लावून अंगणातल्या मोहाकडं पाहू लागली.

"दोन झाडं दिसून राहिली रे."

"समोरची रिंग फिरव. नेटवर वाचलं, दोन्ही एकावर एक आली की फोटो साफ येते."

तिनं हळूच फिरवली. "झालं एक. फोटो काढताना तुझा बाप म्हणे मले, दोनाची एक होईपर्यंत हालू नको."

आणि मग किती तरी वेळ आई हाललीच नाही.