हाऊसबोटीचं वऱ्हाड सरकारी बोटीत

"या पौलोसला चार माणसांत न्यायची सोय उरली नाही," आलप्पुळ्याच्या धक्क्यावर, सरकारी बोटीच्या रांगेत उभ्या असलेल्या त्रेस्याम्मा मागच्या मासेवालीला सांगत होत्या. त्यांचा थोरला मुलगा पौलोस शेजारीच उभा होता. "आज माझ्या धाकट्याचा साखरपुडा. महिनाभर मी मुलीकडच्यांना सांगतेय, आम्ही आमच्या हाऊसबोटीने येणार. त्यांनी काठावर बँड उभा केलाय, आणि आमचं इंजिन साधं खोकायलाही तयार नाही!"

"एवढ्या मोठ्या बोटीला झालं काय?"

"बॅटऱ्या बसल्या. दोनातली एक या शहाण्याने नवी आणली होती, तीही गेली."

"जुनीच्या जोडीला नवी लावली की जुनी नवीलाही घेऊन बुडते, अम्मची. मेकॅनिक म्हणाला होता, बदलायच्या तर दोन्ही बदला."

"मग का नाही बदलल्यास?"

"तूच म्हणालीस, जुनी तुझ्या वडिलांनी, अप्पच्चनने बसवलेली आहे, मी जिवंत असेतो जागची हलायची नाही."

"मी दिवसभर शंभर गोष्टी बोलते. तुला नेमकी हीच ऐकायची होती?"

मासेवालीने पाण्याकडे तोंड फिरवलं. बोट धक्क्याला लागली.

"आता त्या बँडसमोर उतरून सांगायचं काय, अम्मची?"

त्रेस्याम्मांनी खांद्यावरचं सोनेरी काठाचं कसवाचं उपरणं नीट केलं.

"तू तोंड उघडायचं नाहीस. मी सांगेन, दारात हाऊसबोट असून आम्ही चारचौघांसारखे सरकारी बोटीने आलो. याला साधेपणा म्हणतात, पौलोस. तो तुझ्यात कधी नव्हताच."