तारेआडचं गवत

माझं माहेर मालवणकडचं, लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील, डोंगराच्या पायथ्याशी मोकळा माळ नि त्याच्या खालच्या अंगाला पाणथळ. आमचे हे कारखान्यात, नि मी सासूबरोबर गवत कापून तबेल्यांना द्यायची. काय सांगू तुम्हाला, त्या माळावर काय नव्हतं, गुरांच्या आवडीचा मारवेल होता, पवना होता, पावसात तेरडा, पाणथळात लव्हाळा नि आपोआप उगवणारं देवभात. सासू म्हणायची, काशे, यंदा या अंगाला गुरं चरू देत, त्या अंगाला आपण कापू, पुढच्या साली उलटं, म्हणजे एक गवत दुसऱ्याला गिळत नाही.

मग एका ठेकेदारानं माळ घेतला. चहूबाजूंनी तार, गुरं बंद, आम्हीही बंद. चर खणून पाणथळातलं पाणी ओढ्याला सोडलं, म्हणे सगळीकडं एकसारखं गवत येईल. आलं की, पहिल्या साली कमरेएवढं. पण कापणाऱ्या बायांना हाकलल्यावर कापणार कोण, ते तसंच वाळून आडवं झालं, त्याखाली ऊन पोचेना, बारकं काही उगवेना. पुढं पुढं नुसती टोचरी कुसळी राहिली, गुरं आत सोडली असती तरी त्यांनी तोंड लावलं नसतं. पाणथळाला भेगा पडल्या.

वैशाखात भर दुपारी वरच्या अंगाला धूर दिसला. आमच्या कुडाच्या झोपड्या तारेला लागून, पुरुष कामावर, माझी मुलगी तापानं आत निजलेली. मी विळा घेतला, शेजारच्या जनाबाईला म्हटलं, चल, तारेलगतची पट्टी कापून काढू, आगीला खायला काही ठेवायचं नाही. तार वाकवून आम्ही वस्तीतल्या बाया आत शिरलो तर ठेकेदाराचा राखणदार दगडूमामा काठी आडवी धरून उभा. आमच्याच वस्तीतला माणूस. म्हणाला, काशीबाय, एक काडी कापलीस तर मला चोरी म्हणून सांगावं लागेल, नाहीतर माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, मामा, तुमचं घर कुठं आहे ते मागं वळून बघा. ते वळले नाहीत, काठीही हलली नाही. मी काठीखालून वाकले नि कापायला लागले, आता पाठीत बसते, आता बसते, असं वाटत होतं, नि धूर तर डोळ्यांत यायला लागलेला. काठी काही बसली नाही. बाजूला कुणी मुळासकट गवत उपटतंय असं वाटलं, बघते तर मामा, काठी टाकलेली, हात रक्ताळलेले.

आम्ही कापायचो, बाकीच्या ओढून ओढ्यात टाकायच्या. आग आली ती अशी आली की तोंड भाजलं, पण उघड्या मातीपाशी अडली नि बसली. एक ठिणगी मात्र उडून जनाबाईच्या छपरावर पडली, तिचं घर गेलं. माझं घर नि आत निजलेली मुलगी वाचली, पाऊस लागेपर्यंत जनाबाई लेकरांना घेऊन माझ्याकडंच होती.

मामांची नोकरी गेलीच. ठेकेदारही त्या जळक्या माळाला कंटाळून निघून गेला. आम्ही परत पाळीनं चारायला-कापायला लागलो, मामा आमच्यात विळा घेऊन. मारवेल हळूहळू परतला, तेरडाही आला. पाणथळ मात्र गेलं ते गेलं, पाणीच नाही तर काय उगवणार.

आता तिथं इमारती आहेत, त्याचं मी काय करू. मामा कधीच गेले. कोणाच्या दाराशी आग येऊ नये बाबा, आणि आलीच तर काठी टाकून देणारा माणूस जवळ असावा, एवढंच.