पालथ्या चिठ्ठ्या

(लातूरच्या एका कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा, मे २०१६. नळाला पाणी येऊन बारा दिवस झालेत आणि शिपाई केरबाच्या निवृत्तीला अकरा दिवस उरलेत. प्राध्यापक पंचशीला मॅडम कंप्युटरसमोर जांभई दाबून बसल्या आहेत. केरबा कीटकांच्या पेट्या पुसतोय. बोलावं की गुमान घरी जावं, हे त्याचं काही ठरत नाही.)

पंचशीला : ...तर किड्यांच्या नोंदींसाठी पहिलंच सॉफ्टवेअर घेते, केरबा मामा. दोन्ही चाळून चाळून जीव गेला माझा.

केरबा : दुसऱ्यात काय खोट हाय?

पंचशीला : खोट नाही, वेळ फार खातं. एकेक किडा हातात घ्यायचा, चिठ्ठीवरचं जसंच्या तसं टाकायचं, फोटो काढायचा. तीन हजार किडे! पहिल्यात आपलं रजिस्टर चढवलं की एका दिवसात सुटका. जिल्हा यादीतून निवडायचा, गोळा करणाऱ्याच्या जागी ‘प्राणिशास्त्र विभाग’. तपासणीवाले पंधरा दिवसांत येऊन राहिलेत.

केरबा : समद्यांना एकच नाव?

पंचशीला : चिठ्ठ्यांवर तेच तर आहे. निलंगा, जिल्हा लातूर, प्राणिशास्त्र विभाग. अक्षरही तुमचंच.

केरबा : हाव. माझंच.

पंचशीला : मग झालं. तुमच्या गल्लीत टँकर आला असेल, जा.

केरबा : सून उभी हाय रांगेत. म्याडम, ह्या किड्याची पिन वर उचला. आन् चिठ्ठी खालून वाचा.

पंचशीला : खालून? ...अगं बाई. ‘निलंगा, जिल्हा उस्मानाबाद. नोव्हेंबर १९७२. पाझर तलाव, दगडाखाली. सरजाबाई.’ हे कुणाचं अक्षर?

केरबा : बसलिंगप्पा सरांचं, आधी हितंच शिकवायचे. ह्ये समदे किडे त्यांनी जमवलेले. ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. तवाचे प्रिन्सिपल म्हणले, पाहुणे येणार, दोन दिसांत समद्या चिठ्ठ्यांवर नवा जिल्हा पायजे. कागद काही दिला न्हाई. मी नवा नोकर. चिठ्ठ्या उलट्या केल्या आन् पाठीवर घाईत गाव, जिल्हा आन् विभाग तेवढंच लिहिलं.

पंचशीला : सगळ्या?

केरबा : समद्या. रजिस्टरबी त्याच्यावरनंच उतरवलं.

पंचशीला : म्हणजे जागा, तारखा, नावं, सगळं पालथं! चौतीस वर्षं गप्प बसलात आणि आज सांगताय?

केरबा : आधी नोकरीचं भेव. मग गप बसायची सवयच लागली. पर मी गेल्यावर खालून बघायचं कुणाला सुचंल?

पंचशीला : ही सरजाबाई कोण?

केरबा : माझी आई. दुष्काळी कामावर दगड फोडायची. दगड उचलला की भुंगेरे निघायचे, ती सरांसाठी काड्यापेटीत धरून ठेवायची. सरांचा कायदाच व्हता, ज्यानं धरला त्याचं नाव चिठ्ठीवर. कामाच्या मस्टरवर ती दगडोबाची बायको. तिचं स्वतःचं नाव कागदावर हितंच तेवढं. आन् तेच म्या माझ्या हातानं पालथं घातलं.

पंचशीला : किती आहेत तिचे?

केरबा : एकेचाळीस.

पंचशीला : मामा, दुसऱ्यात तपासणीपर्यंत फार तर दोनशे होतील. बोलणी मला खावी लागतील.

केरबा : मग पहिलंच घ्या. मला सांगायचं व्हतं, सांगितलं. हलकं वाटलं.

पंचशीला : तुम्हाला हलकं वाटलं, आणि ओझं माझ्या डोक्यावर! खोटं आहे हे कळल्यावर ते रजिस्टर कसं चढवू मी? बसा त्या स्टुलावर. दुसरंच उघडते. तुम्ही खालून वाचा, मी टाकते. जिल्हा?

केरबा : उस्मानाबाद.

पंचशीला : निलंगा उस्मानाबादेत? चालतंय यात. गोळा करणाऱ्याचं नाव?

केरबा : सरजाबाई.

पंचशीला : आडनाव?

केरबा : चिठ्ठीवर न्हाई.

पंचशीला : तुम्हाला माहीत आहे ना पण. सांगा की.

केरबा : नगं, म्याडम. हाय तेवढंच लिहा. जास्तीचं एकदा लिहून बसलोय म्या.