बादलीतला वाफसा

तुम्ही लिहून घेताय तर सांगते, मी मूळची कन्नड तालुक्यातली. माहेर तिकडं, सासर बी तिकडंच. शाळा काय पाहिली नाय, रानातच वाढले. आन् बढाई म्हनू नका, पन पेरणीला चाड्यावर मूठ माझी राहायची. चाडं म्हंजे तिफनीवरचं लाकडाचं वाटीवानी असतं, त्यात मुठीनं बी सोडायचं, कमी नाय, जास्ती नाय. आमचे मालक म्हनायचे, कौसे, तुझ्या हाताला गुण हाय, तूच धर. शेजारचे बी पयली मूठ माझीच मागायचे. मंग मालक गेले. त्या साली पेरणीला मी पदर खोचून बांधावर उभी, तर जाऊबाई म्हनल्या, तुम्ही बसा बाई, या साली मूठ माझी सूनबाई धरील. का, ते नाय म्हनल्या, माझ्या कपाळाकडं बघितलं फक्त. मी बी नाय इचारलं. समजलं बी आन् नाय बी समजलं. हात तर तोच व्हता नं?

मंग पोरगा म्हनला, आई, तिकडं एकटी काय करती, चल. त्यो इथं चिकलठाण्याला कंपनीत हाय, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, एवढीशी गॅलरी, पन ऊन चांगलं. म्हनलं, भाजी लावू. शहागंजच्या बाजारातून रंगाच्या रिकाम्या बादल्या आनल्या, पोरानं बुडाला भोकं पाडून दिली. आन् माती? इथली मुरमाड. मी गावाला गेले आन् आपल्या रानातली काळीभोर माती दोन गोण्या भरून येष्टीत घातली. कंडक्टर म्हनला, आजी, काय हाय गोणीत? म्हनलं, माती. म्हनला, लोक गावाहून ज्वारी आनतेत, तुम्ही माती आनता व्हय? म्हनलं, बाबा, ज्वारी तिच्यातच येती. लई हसला त्यो.

तर काय सांगू तुम्हाला, त्या मातीत काहीच येईना. मेथी उगवली आन् पिवळी पडून बसली. वांगं बुडातून सडलं. परत लावलं, परत तेच. ज्या मातीत आमचा कापूस कंबरंला लागायचा, ती बादलीत घट्ट बसली, वरून भेगा आन् खाली चिखल. मला काय सुधरंना. पोरगा म्हनला, आई, बाजारात मिळती की भाजी, कशाला जीव काढती. त्याला काय सांगू? मला भाजीचं नव्हतंच. मनात एकच, जाऊबाई खरं म्हनल्या का काय, मालकाबरोबर माझ्या हाताचा गुण बी गेला का काय. गॅलरीचं दारच उघडायचं सोडलं मी.

समोरच्या दारात जोशी ताई राहतात. त्यांचे मालक बी गेलेले, कचेरीत कारकून व्हते ते. बाईनं सात जन्मात रान बघितलं नाय, पन गॅलरी बघा, मिरच्या, कारली, वाल, नुसतं गच्च. एक दिवस आल्या, माझ्या बादलीत बोट घातलं आन् म्हनल्या, कौसाबाई, पाणी कधी घालता? म्हनलं, नळ आला की. आता तुम्हाला ठाऊकच हाय, आपल्याकडं नळ रोज कुठं येतो, आठ आठ दिवस वाट बघायची, आन् आला की ड्रममधलं शिळं पानी काढून ताजं भरायचं. ते शिळं पानी वाया कशाला म्हनून मी सगळं बादल्यात वतायचे, गळ्यापर्यंत. मंग पुढच्या नळापर्यंत थेंब नाय. नळाची पाळी तीच झाडाची पाळी, असं धरून बसले. ताई म्हनल्या, आणि शेतात कधी देत होता? म्हनलं, तिथं वाफसा बघून. म्हनल्या, वाफसा म्हणजे? म्हनलं, मातीत ओल बी पाहिजे आन् हवा बी पाहिजे, मुठीत दाबली तर गोळा व्हावा आन् बोटानं टिचकी मारली की फुटावा, त्यो वाफसा. त्या म्हनल्या, अहो, मग मी रोज बोट घालून तेच तर बघते, मला नाव माहीत नव्हतं इतकंच.

आता बघा, जे मला जिंदगीभर ठाऊक, ते मी तीन जिने चढल्यावर कसं इसरले? आज बी कळत नाय. ताईंनी मातीत निम्मा वाळका पाला आन् नारळाच्या शेंडीचा भुसा मिसळायला लावला. आपल्या काळ्या मातीत कचरा कालवताना लई वंगाळ वाटलं, पन कालवला. रोज मूठ दाबून बघायची. वाफसा हाय तवर पानी नाय, गेला की लोटाभर. आन् मेथी आली हो! वांगी आली, वाल तर वरच्या मजल्यावर चढला, वरची बाई इचारती, शेंगा माझ्या का तुमच्या?

पन मला कोडं पडलंय. हाताचा गुण गेला नव्हता, चूक पान्याची व्हती. मंग जाऊबाईंनी माझा हात का सारला? आन् सूनबाईनं मूठ धरली, तिथं बी पीक चांगलंच आलं, खोटं कशाला बोलू. मंग हातात गुण असतो का नसतो? नसंल, तर एवढी वर्षं मालक मला काय म्हनत व्हते? जोशी ताईंना इचारलं, तर म्हनल्या, या खेपेला माझ्या बादल्यांत पहिलं बी तुम्हीच टाका. म्हनलं, ताई, माझ्या हातानं? म्हनल्या, मग कुणाच्या? माझा हात तरी कुठं वेगळा आहे. दोघी लई हसलो, मंग उगाच रडलो. उलगडलं मातर काहीच नाय.

तुम्ही लिहून घेतलं, आता हे वालाचं बियाणं बी घ्या. बोट घालून बघा, मंगच पानी द्या. घेता नं माझ्या हातचं? मंग हात पुढं करा, मूठ भरूनच देते.