हातातलं कापड

काजवाली: आता धरू? की अजून काही सांगायचं राहिलंय?

शिंपीण: धरा. फक्त लक्षात ठेवा मावशी, मी तुमच्या हातावर दोनदा थोपटलं की लगेच सोडायचं.

काजवाली: कळलं गं. काजं करून करून बोटं गेली माझी, अक्कल नाही गेली. पण या वयात स्टुलावर चढून कुणाचा गळा धरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तू ही अशी ताडमाड, आणि मी ही अशी.

शिंपीण: मागून धरा. उजवा हात. हां. आता बघा. आधी हनुवटी छातीला टेकवायची. दोन्ही हातांनी तुमचा हात पकडून खाली ओढायचा, म्हणजे श्वासाला जागा होते. मग मान तुमच्या कोपराकडे वळवायची, तिथल्या खळग्यात नरड्यावर हाड येत नाही. गुडघे वाकवून खाली बसल्यासारखं करायचं, टाच पावलावर, कोपर बरगडीत...

काजवाली: आई गं. बरगडी माझी आहे, तुझ्या नवऱ्याची नाही.

शिंपीण: हळूच मारलं. आणि सुटलं की दाराकडे पळायचं, ओरडत. तिथे थांबून हिशेब चुकते करायचे नाहीत. स्वसंरक्षणाच्या क्लासच्या बाई रोज तेच घोकून घेतात. जिंकायचं नाही, सुटायचं.

काजवाली: मग त्या दिवशी का नाही केलंस हे? तेव्हाही क्लासला जात होतीसच की.

शिंपीण: हात रिकामे नव्हते.

काजवाली: ते मी कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हिनं सोडलेला नवरा दुकानात घुसून मागून गळा आवळतोय, आणि ही बया दोन्ही हात वर करून डॉक्टरीणबाईंचं रेशीम धरून उभी. का, तर जमिनीला लागेल.

शिंपीण: पांढरं होतं ते, मावशी. बेतून कापलेलं. एक डाग पडला असता तर परत मिळालं नसतं.

काजवाली: समोरच्या घड्याळवाल्यानं शटर बडवलं म्हणून तो पळाला. नाहीतर तुलाच पांढऱ्यात गुंडाळावं लागलं असतं. तुझा दादा काय म्हणतो?

शिंपीण: सकाळी येऊन गेला. म्हणतो, काही महिने दुकान बंद ठेव, आमच्याकडे येऊन राहा. वहिनीनं खोलीही आवरून ठेवली म्हणे. जीव आहे त्याचा माझ्यावर, म्हणून मी भांडले नाही. पण उद्या सकाळी शटर उघडणार म्हणजे उघडणार. नवऱ्याच्या भीतीनं घर सोडलं. आता दुकान सोडलं, तर पुढच्या वेळी सोडायला काय राहील माझ्याकडे? श्वास?

काजवाली: तो चौकीत सगळ्यांदेखत म्हणालाय, दुकान उघडलं की मी येतो.

शिंपीण: म्हणून तर तुम्हाला स्टुलावर चढवलंय.

(शटरवर बाहेरून हलकी थाप पडते.)

काजवाली: कोण आहे? दुकान बंद आहे.

सासू: मी आहे. अर्धंच वर करा, मी वाकून येईन.

काजवाली: तुझी सासू ही. लेकाची वकिली करायला आलेली दिसते. उघडू नको हं.

शिंपीण: फटीतून बघा, एकट्याच आहेत का?

काजवाली: एकटीच आहे. हातात पिशवी आहे. या बाई, डोकं सांभाळा. शटर मी परत खाली ओढते, राग मानू नका.

सासू: ओढा. मी औषध आणते सांगून निघालेय. फार वेळ नाही माझ्याकडे.

काजवाली: मग पटकन बोला. तक्रार मागे घे, हेच ना?

सासू: तुम्ही कोण?

काजवाली: मी इथे काजं-बटणं करते. आणि सध्या गळा धरते.

सासू: सूनबाई, मला एकच विचारायचंय. तो म्हणतो, नुसता खांद्याला हात लावला. घरी मला दोन्ही बाह्या वर करून दाखवल्या त्यानं, चौकीतही दाखवल्या. एक ओरखडा नाही. गळा धरला असता तर तिनं मला ओरबाडलं नसतं का, म्हणाला. साहेबांनाही पटलं, समज देऊन सोडून दिलं. त्या दिवसापासून मला झोप नाही. कारण गळ्याला हात पडला की आपले हात आपोआप कुठे जातात ते मला ठाऊक आहे.

शिंपीण: तुम्हाला कसं ठाऊक, आई?

सासू: त्याच्या बापाच्या हातावर असायचे ओरखडे. लोक विचारायचे, मांजर पाळलंय का घरात. ते जाऊ दे. तुझे हात कुठे होते?

शिंपीण: वर होते. कापड होतं हातात.

सासू: चांगलं होतं?

शिंपीण: रेशीम. पांढरं.

सासू: डाग पडला?

शिंपीण: नाही.

सासू: मग खरं आहे. घरात होतीस तेव्हाही, हातातली कपबशी खाली ठेवल्याशिवाय रडायचीसुद्धा नाहीस तू.

काजवाली: बघा, सख्ख्या सासूला पटलं. साहेबाला नाही पटलं.

सासू: तुमचं काय चाललं होतं मघाशी? बाहेर आवाज येत होता.

शिंपीण: सुटायचं कसं ते घोटत होते. उद्यासाठी. मावशी, परत धरा. बघा आई, हनुवटी खाली, हात धरला, मान कोपराकडे...

सासू: चुकलं.

काजवाली: काय चुकलं? माझी बरगडी अजून दुखतेय.

सासू: तुम्ही उजव्या हातानं धरलंत. तो डाव्यानं धरणार.

शिंपीण: तो उजवा आहे, आई. लिहितो उजव्यानं, जेवतो उजव्यानं.

सासू: मी लावलं उजव्यानं जेवायला. लहानपणी डावा पुढे आला की चापट मारायचे. पण राग आला की अजून डावाच येतो. आठवून बघ.

शिंपीण: घड्याळ. त्याचं घड्याळ इथे रुतत होतं, उजव्या कानाखाली. म्हणजे मनगट इकडे आणि कोपर डावीकडे. आणि मी इतके दिवस उजवीकडे मान वळवायचं घोकतेय.

सासू: तशी वळवलीस तर तो अजून आवळेल. उतरा बाई तुम्ही स्टुलावरून. मी धरते. उंचीनं तो माझ्यावरच गेलाय.

शिंपीण: तुम्ही? आई, नको.

सासू: का? घोटायला कुणीतरी पाहिजे ना. हातात काहीतरी घे. परत तेच होणार आहे. तू शिवत असताना येणार तो, रिकामी बसलेली असताना नाही.

शिंपीण: हा अस्तराचा तुकडा घेते. धरा. हनुवटी, हात, मान डावीकडे, खाली... सुटले. जमलं की.

सासू: अस्तर काय, कुणीही टाकेल. माझ्या पिशवीतलं काढ.

शिंपीण: हे तर तुमचं निळं रेशीम. कपाटातलं. मला कधी हात लावू दिला नव्हतात याला.

सासू: माझ्या आईनं दिलेलं. काहीतरी चांगलं घडेल तेव्हा शिवू म्हणून ठेवून दिलं. वाटेत कुणी भेटलं तर शिवायला टाकते म्हणायला बरं, म्हणून आज उचललं. घडी मोड. दोन्ही हातांत धर.

काजवाली: अहो, खाली मशीनचं तेल सांडलंय. पुसून तरी घेऊ का?

सासू: राहू दे तेल. धरते हं.

काजवाली: अगं, टाक की. अगं बाई, हात बघ हिचे, परत वर. सोडा हो, सोडा तिला, चेहरा बघा कसा झालाय.

सासू: सोडलं. थोपटलं नाहीस तू.

शिंपीण: हात... हातात होतं ना.

सासू: मी थांबले. तो नाही थांबणार. इकडे बघ. कापड परत विणता येतं. ज्याचं असेल त्याचे पाय धरून माफी मागता येते. तू डोळे पुसू नको, कापड धर. परत.

शिंपीण: तुमच्या आईचं आहे हे.

सासू: माझी आई इथे असती तर तिनं तुझ्या हातातून हिसकावून फेकलं असतं. धरते. या वेळी दया करणार नाही.

काजवाली: टाकलं. टाकलं बाई एकदाचं. तेलातच पडलं सगळं. आणि ही दाराशी पोचलीसुद्धा, वर शटर बडवतेय. पुरे गं, तो घड्याळवाला धावत येईल.

शिंपीण: आई, लागलं तुम्हाला. नखं लागली माझी. केवढा ओरखडा उठलाय हातावर. मावशी, पाणी आणा.

सासू: नको पाणी. पुसू नको. आज रात्री त्याला वाढताना बाही वर करूनच वाढीन.

शिंपीण: तो विचारेल.

सासू: विचारू दे. हात मोकळे असले की असं होतं, म्हणून सांगीन.

काजवाली: आणि तो अंगावर आला तर?

सासू: तर मलाही आता मान कुणीकडे वळवायची ते कळलंय.

शिंपीण: तुम्ही इथेच राहा, आई. माझ्याकडे.

सासू: राहीन. आधी त्याला एकदा हात दाखवून येते. त्या घरातून माझं काही आणायचं नाही, ते कापड तेवढं उचल.

काजवाली: डाग नाही जायचा हो याचा. मशीनचं तेल आहे.

सासू: डागासकट शिवायचं. उद्या शटर उघडलंस की पहिलं माप माझं घे. आणि बाह्या आखूड ठेव.