सगळ्यात जुनी चाहती

मध्यंतर झालं आणि ब्रॉडवेच्या त्या थिएटरात बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग पार जिन्यापर्यंत गेली. मॉरीन नोलन सगळ्यात शेवटी उभी होती. तिच्या पुढे हॅटी आणि मर्ना, दोघी सत्तरी ओलांडलेल्या.

"ओपलचा तो शेवटचा सूर ऐकलास, मर्ना? माझी कवळी हलली."

"तुझी कवळी शिंकेनंही हलते. मी कानातलं मशीन बंद ठेवलं होतं, तरी ऐकू आलं!"

"चाळीस वर्षं ऐकतेय तिला. आता आपल्याच वयाची झाली, पण आवाज उलट कोवळाच होत चाललाय."

"तिच्या जागी बदली पोरगी उभी केली असती ना, तर मी दोन सुरांत ओळखलं असतं. बरं, कागद आहे का गं? च्युइंगम टाकायचंय."

"कार्यक्रमपत्रिकेतून ही चिठ्ठी पडली, घे."

मर्नानं च्युइंगम त्यात गुंडाळलं. तशीच चिठ्ठी मॉरीनच्या पर्समध्ये जपून ठेवलेली होती: 'ओपल ग्रेडी आजारी असल्याने आज त्यांची भूमिका टेस नोलन करतील.'

पहिली घंटा झाली. पुढे अजून अकरा बायका होत्या.

हॅटी मागे वळली. "तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय का हो हिला?"

"छे! ती पाळण्यात होती तेव्हापासून ऐकतेय."

"पाळण्यात? मर्ना, अगं या आपल्याहून थोरल्या! वय काय झाकलंय बाईनं!"

"अहो, सरका सगळ्या! तिची सगळ्यात जुनी चाहती आहे ही. आधी हिला जाऊ द्या!" मर्ना ओरडली.

अकरा बायका भिंतीला चिकटल्या आणि मॉरीन पळत सुटली.