उरलेली गोष्ट रविवारी

हॅलो?… हॅलो, मनाली?… हो, हो, येतंय ऐकू. आणि मराठीत बोल गं, डच मला फोनवर समजत नाही. समोर माणूस असला की निदान तोंडाकडे बघून कळतं.

जेवलो ना… वरण-भात. तुझी आई नागपूरला गेल्यापासून दुसरं काय येतंय मला?… नाही, इतक्यात कशी येईल? आजीला अजून उठवत नाही…

दमा ठीक आहे… अगं, पंप उशाशीच असतो… बरं, बरं. तू लायडनला लॅबमध्ये दहा जणांत वावरतेस, म्हणून या कोरोनात इकडे येत नाहीस, हे कळलंय मला. मी कुठं काय म्हणतोय?

ऐक ना, ती रेकॉर्ड… हो, तीच, त्या दोघा गायकांची. मागच्या रविवारी कुठवर आलो होतो?… बरोबर. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं एकाच माइकसमोर खेटून गातायत. आणि ती बाई तेव्हा क्षयाच्या दवाखान्यात होती. भेटायला बंदी… हो गं, आत्ताच्यासारखीच. त्यानं शिकागोत आपला भाग गाऊन टेप पाठवली. तिनं हेडफोन लावून, खाटेवर बसून साथ दिली. पण एका ओळीत तिला दम लागला. तिथं ती थांबलीच. नुसता पियानो वाजतो… कंपनीवाले म्हणाले, एवढी ओळ दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेऊ…

आता बाकीचं पुढच्या रविवारी… अगं, घरची रीतच आहे ना आपली. अर्धी गोष्ट, मग रेकॉर्ड, मग उरलेली गोष्ट. फोनवर रेकॉर्ड नीट ऐकू येत नाही, मग तिच्याऐवजी मध्ये एक आठवडा…

काय?… थांब, परत सांग… ‘ती तिची श्वास घ्यायची जागा आहे, कुणी भरायची नाही.’ असं तो म्हणाला… हो, असंच म्हणाला होता. तुला कुणी सांगितलं?… नेटवर?… कधी वाचलंस?… त्याच दिवशी? म्हणजे मी सुरुवात केली त्या दिवशी?… आणि त्याच्या आधीच्या गोष्टी?… सगळ्याच?

मग दर वेळी ‘पुढं काय झालं बाबा’ म्हणून विचारायचीस ते?…

मनाली?… हॅलो?… आहेस ना?…

रडू नकोस, बाळा. नाही, मी रागावलो नाही. मला आपलं वाटायचं, गोष्ट एकदा संपली की पोरीला फोन करायला कारण उरणार नाही. म्हणून मी लांबवत होतो… तुलाही तेच वाटायचं?…

तुझ्याबरोबर राहणारी ती मुलगी कुठाय?… गेली? केव्हा?… नाताळच्या आधीच? म्हणजे इतके दिवस घरात एकटी आहेस? आणि मला सांगत होतीस, मजेत आहे म्हणून…

ऐक. टेस्ट करून घे. काही नसलं की ये… हो, इथं घरी, एन्स्खेडेलाच, आणखी कुठं? खिडक्या उघड्या ठेवू, मास्क लावून बस हवं तर. मला नको शिकवूस काळजी घ्यायला… नऊला संचारबंदी लागायच्या आत परतता नाही आलं तर राहा. तुझी खोली आहेच की…

काय म्हणालीस?… नियम?… अगं, घरी दिवसाला एकच पाहुणा चालतो ना?… मग झालं तर. माझ्याकडे दुसरं येतंय कोण?…

हं… हो. ठेव आता, आधी टेस्टचं बघ.